ईमेलमधला फोटो कुठून येतो आणि तो पाहिल्याचं पाठवणाऱ्याला कसं कळतं?

व्हॉट्सॲपवर मेसेज वाचला की दोन टिक निळ्या होतात. समोरच्याला ते कळू नये असं वाटलं, तर सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करता येते. ईमेलमध्ये अशा टिक दिसत नाहीत. त्यामुळे मेल उघडला, वाचला आणि उत्तर न देता सोडून दिला, तरी पाठवणाऱ्याला काही कळत नाही असा अनेकांचा समज असतो.

हा समज अर्धाच खरा आहे. मेलमध्ये नुसता मजकूर असेल, तर तो उघडल्याचं पाठवणाऱ्याला सहसा कळत नाही. पण मेलमध्ये लोगो, फोटो किंवा सेलचं रंगीत बॅनर असेल, तर ते चित्र मेलमध्ये कोणत्या पद्धतीने बसवलंय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. एका पद्धतीत चित्र मेलसोबतच येतं. दुसऱ्या पद्धतीत मेलमध्ये फक्त चित्राचा पत्ता येतो आणि मेल उघडल्यावर ते चित्र बाहेरच्या सर्व्हरवरून मागवलं जातं. ही मागणी सर्व्हरवर नोंदली जाते, आणि ती नोंद म्हणजेच ईमेलची ब्लू टिक. फरक एवढाच, की ती वाचणाऱ्याला दिसत नाही.

मुळात ईमेलमध्ये फोटोला जागाच नव्हती

ईमेल १९७१ पासून आहे, पण सुरुवातीची वीस वर्षं ते फक्त अक्षरांसाठी होतं. तीही इंग्रजी अक्षरं. आस्की नावाच्या संचात १२८ चिन्हं होती: इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि काही आज्ञा. त्यात फोटो बसत नव्हता आणि मराठीचा ‘क’ही बसत नव्हता. फाईलचं अक्षरांत रूपांतर करून पाठवायच्या युक्त्या होत्या, पण समोरच्याला तीच युक्ती माहीत असावी लागे.

हे चित्र १९९२ मध्ये बदललं. नॅथॅनियल बोरेनस्टाईन आणि नेड फ्रीड या दोन अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी ‘माइम’ नावाचं मानक तयार केलं. एकाच मेलमध्ये मजकूर, फोटो, आवाज असे वेगवेगळे भाग कसे ठेवायचे आणि प्रत्येक भागावर ‘हे काय आहे’ अशी चिठ्ठी कशी लावायची, हे या मानकाने ठरवून दिलं. बोरेनस्टाईन यांनी ११ मार्च १९९२ रोजी पाठवलेल्या मेलमध्ये त्यांच्या चार जणांच्या गायनगटाचा फोटो होता आणि त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रणही. आजच्या अटॅचमेंटची सुरुवात या मेलपासून मानली जाते. इंग्रजीपलीकडच्या लिपींसाठीही याच मानकाने वाट केली. म्हणजे ईमेलमध्ये फोटो आणि देवनागरी या दोघांनाही एकाच दारातून प्रवेश मिळाला.

पुढे वेबसाइट ज्या भाषेत लिहितात, ती एचटीएमएल मेलमध्येही आली. त्यामुळे फोटो खाली वेगळा जोडण्याऐवजी मजकुराच्या मधोमध दाखवता येऊ लागला. पण एचटीएमएलमध्ये फोटो स्वतः नसतो. ‘इथे चित्र दाखव, ते अमुक ठिकाणी आहे’ अशी एक सूचना असते, तिला इमेज टॅग म्हणतात. हे ‘अमुक ठिकाण’ म्हणजे नेमकं कुठे, याची तीन उत्तरं आहेत.

पद्धत पहिली: फोटो मेलसोबतच पाठवणं

यात फोटो अटॅचमेंटसारखाच मेलच्या पाकिटात घातला जातो आणि त्याला एक ओळख दिली जाते. तिला कंटेंट आयडी किंवा थोडक्यात सीआयडी म्हणतात. इमेज टॅगमध्ये वेबसाइटच्या पत्त्याऐवजी ही ओळख लिहिलेली असते. मेल उघडणारं ॲप त्याच पाकिटात तो फोटो शोधतं आणि ठरलेल्या जागी लावतं.

जीमेलमध्ये मेल लिहिताना फोटो मजकुराच्या मध्ये टाकला, की तो असाच जातो. ऑफिसच्या मेलमध्ये काही जोडलेलं नसतानाही कधीकधी अटॅचमेंटची पिन दिसते आणि ‘इमेज००१’ नावाची फाईल सापडते, त्यामागेही बहुधा हेच कारण असतं. ती फाईल म्हणजे सहीखालचा कंपनीचा लोगो.

या पद्धतीचा मोठा फायदा असा, की फोटो मेलसोबत कायमचा राहतो. इंटरनेट नसलं, पाठवणाऱ्याची वेबसाइट बंद पडली, दहा वर्षं उलटली, तरी मेल जपून ठेवला असेल तर फोटो दिसतो. शिवाय तो पाहण्यासाठी बाहेर कुणालाही विचारावं लागत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला काहीही कळत नाही.

तोटा वजनाचा आहे. मेल अजूनही मूळच्या अक्षरांच्या वाटेनेच प्रवास करतो असं धरून फोटोचं अक्षरांत रूपांतर केलं जातं. या रूपांतराला बेस ६४ म्हणतात. त्यात फोटोच्या दर ३ बाइटसाठी ४ अक्षरं लागतात, म्हणजे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. ३ एमबीचा फोटो ४ एमबीहून थोडा जास्त होतो. जिथे मेल सर्व्हर २५ एमबीची मर्यादा या फुगलेल्या आकाराला लावतो, तिथे १९ एमबीची फाईलही अडकते.

पद्धत दुसरी: फोटो कोडमध्येच कोंबणं

बेस ६४ मध्ये बदललेली ती अक्षरांची लांबलचक रांग वेगळी न ठेवता थेट इमेज टॅगमध्येच लिहिता येते. याला डेटा यूआरआय म्हणतात. वेबसाइटवर छोट्या आयकॉनसाठी ही पद्धत सर्रास वापरतात. नवख्या डेव्हलपरला ती सोपी वाटते, कारण वेगळी फाईल सांभाळावी लागत नाही आणि लिंकही लागत नाही.

ईमेलमध्ये मात्र ती दगा देते. जीमेल असे फोटो दाखवत नाही. विंडोजवरचं जुनं आउटलुकही दाखवत नाही, कारण २००७ च्या आवृत्तीपासून ते मेल दाखवण्यासाठी ब्राउझरचं नाही, तर मायक्रोसॉफ्ट वर्डचं इंजिन वापरत आलं आहे. त्यात भर म्हणजे जीमेल सुमारे १०२ केबीपेक्षा मोठा एचटीएमएल मजकूर मध्येच कापतं आणि ‘पूर्ण मेसेज पाहा’ अशी लिंक देतं. कोडमध्ये कोंबलेला एखादा फोटोही ही मर्यादा सहज ओलांडतो. पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर सुंदर दिसलेला मेल समोरच्याला रिकाम्या चौकटीसह पोहोचतो, त्यामागे अनेकदा हीच पद्धत असते.

पद्धत तिसरी: फक्त पत्ता पाठवणं

बँका, खरेदीच्या वेबसाइट, विमान कंपन्या, न्यूजलेटर पाठवणारे, हे सगळे प्रामुख्याने ही पद्धत वापरतात. फोटो त्यांच्या सर्व्हरवर असतो आणि मेलमध्ये त्याची फक्त लिंक असते.

यामागचं गणित सरळ आहे. एखाद्या दुकानाला ५०० ग्राहकांना ३०० केबीचं पोस्टर पाठवायचं आहे. पहिल्या पद्धतीने प्रत्येक मेल सुमारे ४०० केबीचा होईल, म्हणजे एकूण २०० एमबी पाठवावे लागतील, मग मेल कुणी उघडो वा न उघडो. लिंकच्या पद्धतीत १० केबीचा एक मेल धरला तर ५ एमबीत काम भागतं. पोस्टर फक्त मेल उघडणाऱ्यांच्याच फोनवर उतरतं. पाठवल्यानंतर पोस्टरमध्ये चूक सापडली, तर सर्व्हरवरचा फोटो बदलून काही प्रमाणात ती सुधारताही येते.

पण हाच तोटाही आहे. जो फोटो बदलता येतो, तो काढूनही टाकता येतो. कंपनीने वेबसाइट नव्याने बांधली, जुन्या फाईल पुसल्या, की वर्षानुवर्षं जपलेल्या मेलमध्ये फक्त तुटलेल्या चित्राची खूण उरते. पावती, तिकीट किंवा निमंत्रण पुरावा म्हणून जपायचं असेल, तर मेल इनबॉक्समध्ये आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही. चित्रासकट त्याची पीडीएफ करून ठेवलेली बरी.

न दिसणारा फोटो

लिंकवाल्या पद्धतीत फोटो मागवताना फोन किंवा संगणक पाठवणाऱ्याच्या सर्व्हरशी बोलतो. या बोलण्यात काही गोष्टी आपोआप उघड होतात: मागणी किती वाजता आली, कोणत्या आयपी पत्त्यावरून आली आणि कोणत्या प्रकारच्या उपकरणावरून आली. आयपी पत्त्यावरून साधारण शहराचा अंदाज बांधता येतो.

प्रत्येकाला पाठवलेल्या लिंकमध्ये वेगळा क्रमांक घातला, की मागणी नेमकी कुणाकडून आली हेही कळतं. आता यासाठी फोटो दिसायला हवा असंही नाही. एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच आणि पूर्ण पारदर्शक चित्र मेलच्या तळाशी ठेवलं, तरी काम होतं. याला ट्रॅकिंग पिक्सेल म्हणतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. पाठवणाऱ्याकडे मात्र ‘मेल रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी उघडला, पुन्हा सकाळी ८ वाजता उघडला’ अशी नोंद तयार होते.

ईमेलमध्ये पोच मागण्याची अधिकृत सोयही आहे. पण त्यात ‘पाठवणाऱ्याला पोच हवी आहे, द्यायची का?’ असं वाचणाऱ्याला विचारता येतं आणि त्याला नाही म्हणता येतं. पिक्सेल मात्र काहीच विचारत नाही.

प्रकरण किती गंभीर होऊ शकतं?

‘मेल उघडल्याचं कळलं तर बिघडलं काय?’ असा प्रश्न पडू शकतो. पण मेल कुणी पाठवला आणि कुणी उघडला यावर बरंच काही अवलंबून असतं.

२००६ मध्ये ह्युलेट पॅकार्ड या अमेरिकन कंपनीच्या संचालक मंडळातली माहिती बाहेर फुटत होती. ती कोण फोडतंय हे शोधण्यासाठी नेमलेल्या मंडळींनी सीनेट या तंत्रज्ञानविषयक वेबसाइटच्या एका पत्रकाराला बनावट नावाने मेल पाठवला. त्यासोबत मेलचा माग काढणारी सोय जोडली होती. मेल पुढे कुणाला पाठवला जातो हे कळलं, तर माहिती देणाऱ्यापर्यंत पोहोचता येईल असा तो डाव होता. हे प्रकरण अमेरिकन संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं आणि कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं.

२०१९ मध्ये सुपरह्युमन या महागड्या ईमेल ॲपवर टीकेची झोड उठली. या ॲपमधून पाठवलेला मेल समोरच्याने कधी उघडला आणि साधारण कुठून उघडला, हे पाठवणाऱ्याला दिसत होतं. समोरच्याला याचा पत्ताच नव्हता. मागे लागलेल्या माणसापासून लपून राहणाऱ्या व्यक्तीसाठी हे किती धोक्याचं ठरेल, हा टीकेतला मुख्य मुद्दा होता. कंपनीचे प्रमुख राहुल वोहरा यांनी माफी मागितली, ठिकाणाची नोंद बंद केली आणि उघडल्याची सूचना आपोआप चालू ठेवणं थांबवलं.

२०१८ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी उघड केलेली ‘ईफेल’ नावाची त्रुटी याहून चक्रावणारी होती. काही लोक मेल कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवतात. हल्लेखोराच्या हाती असा कुलूपबंद मेल लागला, तरी त्याला तो वाचता येत नाही. पण तो त्या मेलच्या आधी एक अर्धवट इमेज टॅग जोडून मूळ मालकालाच पाठवू शकत होता. टॅगमधला पत्ता सुरू व्हायचा, पण संपायचा नाही. मालकाच्या मेल ॲपने कुलूप उघडलं, की आतला गुप्त मजकूर त्या पत्त्याचाच भाग व्हायचा आणि ‘फोटो मागवताना’ हल्लेखोराच्या सर्व्हरवर जाऊन पोहोचायचा. ॲपल मेल आणि थंडरबर्ड या ॲपना ही त्रुटी बाधली होती आणि नंतर ती दुरुस्त करण्यात आली. कुलूप चांगलं होतं, पण फोटो मागवण्याच्या सवयीने दार उघडं राहिलं.

मेल कंपन्यांनी काय केलं?

तीन मोठ्या कंपन्यांनी तीन वेगळे उपाय केले.

आउटलुकने २००३ च्या आवृत्तीपासून बाहेरचे फोटो आपोआप दाखवणं बंद केलं. ‘फोटो पाहायचे असतील तर इथे क्लिक करा’ अशी पट्टी तेव्हापासून दिसते. थंडरबर्डही असंच करतं.

जीमेलने डिसेंबर २०१३ मध्ये उलटा मार्ग धरला. फोटो आपोआप दिसू लागले, पण ते गुगलच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणले जाऊ लागले. त्यामुळे वाचणाऱ्याचा आयपी पत्ता आणि त्यावरून ठिकाण पाठवणाऱ्यापर्यंत जात नाही. मात्र लिंकमध्ये वेगळा क्रमांक असेल, तर मेल उघडल्याचं आजही कळतं.

ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत तिसरा उपाय आणला. ही सोय चालू केली, की ॲपलचं मेल ॲप बाहेरचे फोटो मधल्या सर्व्हरमार्फत आधीच उतरवून ठेवतं, मेल उघडलेला असो वा नसो. त्यामुळे पाठवणाऱ्याला न उघडलेला मेलही उघडल्यासारखाच दिसतो. ‘अमुक टक्के लोकांनी आमचा मेल उघडला’ या न्यूजलेटरवाल्यांच्या आकड्यावर त्यानंतर डोळे झाकून विश्वास ठेवता येईनासा झाला.

फोटो दिसलाच नाही तर?

फोटो अडवले जाऊ शकतात हे कळलं, की दुसरा प्रश्न येतो: फोटोशिवाय त्या मेलमध्ये उरतं काय?

मराठीत हा प्रश्न जास्त जाणवतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप होत असे आणि समोरच्याकडे तोच फाँट नसेल तर अगम्य चिन्हं दिसत. त्यावर तोडगा म्हणून मजकुराचं चित्र करून पाठवायची सवय लागली. आता प्रत्येक फोनवर देवनागरी नीट दिसते, तरी लग्नपत्रिका, सोसायटीची सभेची नोटीस, दिवाळी सेल, सगळं अजूनही पोस्टरच्या रूपातच जातं.

असा मेल फोटो अडवल्यावर कोरा दिसतो. सहा महिन्यांनी ‘वार्षिक सभा’ असं इनबॉक्समध्ये शोधलं, तर अक्षरं चित्रात अडकल्याने तो सापडेलच याची खात्री नसते. अंध व्यक्तीचं स्क्रीन रीडर मेल वाचून दाखवायला जातं, तेव्हा त्याला वाचण्याजोगं काही मिळत नाही. स्पॅम पाठवणाऱ्यांनीही फिल्टरला चकवण्यासाठी चित्रातल्या मजकुराचा वापर पूर्वीपासून केलेला आहे, त्यामुळे नुसतं चित्र असलेल्या मेलकडे फिल्टर संशयाने पाहू शकतात.

यासाठी इमेज टॅगमध्येच एक जागा ठेवलेली आहे. तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. फोटो दिसला नाही तर ऑल्टमधला मजकूर दिसतो आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. तिथे ‘इमेज’ किंवा ‘बॅनर’ असं लिहिण्यापेक्षा ‘वार्षिक सभा, रविवारी सकाळी १० वाजता, सोसायटी कार्यालय’ असं लिहिलं तर फोटोविना निरोप पोहोचतो.

पाठवताना काय करावं?

घरच्या किंवा ओळखीच्या थोड्या लोकांना पाठवायचं असेल, तर फोटो सोबत जोडणं सगळ्यांत चांगलं. आधी त्याचा आकार मात्र कमी करावा. शेकडो लोकांना पाठवायचं असेल, तर लिंकची पद्धत योग्य, पण फोटोचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारा आणि टिकणारा हवा. कोडमध्ये फोटो कोंबणं टाळावं. जेपीईजी, पीएनजी आणि जीआयएफ हे प्रकार जवळपास सगळीकडे चालतात. हलणारं जीआयएफ वापरलं, तर विंडोजवरच्या काही जुन्या आउटलुकमध्ये त्याची फक्त पहिली फ्रेम दिसते, म्हणून महत्त्वाचा निरोप पहिल्याच फ्रेममध्ये असावा. आणि तारीख, वेळ, ठिकाण, रक्कम या गोष्टी चित्राबाहेर साध्या अक्षरांत लिहाव्यात.

वाचताना काय करावं?

जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘इमेज’ या भागात बाहेरचे फोटो दाखवण्याआधी विचारावं असा पर्याय आहे. तो निवडला, की फोटो आपोआप येणं थांबतं. फोनवरच्या जीमेल ॲपमध्येही प्रत्येक खात्यासाठी ही सोय आहे. आयफोनवरच्या मेल ॲपमध्ये ‘मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन’ चालू आहे का, हे एकदा पाहून घ्यावं. हे केल्यावर काही मेल ओकेबोके दिसतील, पण विश्वासातल्या पाठवणाऱ्याचे फोटो एका टचवर दाखवता येतात.

अनोळखी मेलच्या बाबतीत ही सवय विशेष उपयोगाची आहे. फोटो उतरला, की तो पत्ता चालू आहे आणि तिथे कुणीतरी मेल वाचतंय, एवढं तरी पाठवणाऱ्याला कळू शकतं. फसवणूक करणाऱ्यासाठी ही माहिती कामाची असते. चित्रातला क्यूआर कोड स्कॅन करण्याआधीही थांबायला हवं, कारण तो कुठे नेणार हे नुसतं पाहून कळत नाही.

मेलमध्ये ‘फोटो दाखवायचे का?’ अशी पट्टी दिसली, की तिच्या मागे दुसरा प्रश्नही असतो: मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळलं तर चालेल का? उत्तर ‘हो’ असेल तर फोटो जरूर पाहावेत, नसेल तर ती पट्टी तशीच राहू द्यावी. मजकूर तरीही वाचता येतो.